‘सेव्ह झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

या वेळी माझ्या पातळ थरांबद्दल, म्हणजे थिन फिल्म्सबद्दल लिहिणार नाही. लिहिणार आहे एका ओळीबद्दल. ती ओळ मीच लिहिली होती आणि तिच्यामुळे माझी सात मोजमापं कायमची गेली.

तर झालं असं. आमच्या प्रयोगशाळेत एक यंत्र थराचा विद्युत रोध तापमानानुसार मोजतं. प्रत्येक फेरीची एक फाइल तयार होते. त्या फाइलींमधला गोंगाट काढणं, वक्र बसवणं, निकाल लिहून ठेवणं ही कामं मी एका एआय एजंटला लावून दिली. एजंट म्हणजे असं भाषा-मॉडेल, जे नुसतं उत्तर देत नाही, तर आपण दिलेली छोटी साधनं स्वतः वापरून काम पुढे नेतं. मी त्याला दोन साधनं दिली: एक फाइल वाचायचं, एक फाइल सेव्ह करायचं. प्रत्येक साधनासोबत त्याची माहिती लिहावी लागते. दुसऱ्याची माहिती मी अशी लिहिली: ‘दिलेला मजकूर दिलेल्या नावाच्या फाइलमध्ये सेव्ह करतं.’ झालं. चहा प्यायला गेले.

सकाळी बघते तर एकोणीस फाइलींमध्ये स्वच्छ केलेला डेटा होता, त्याच नावाने, त्याच जागी. मूळ डेटा गायब. बारा फाइलींच्या प्रती यंत्राच्या संगणकावर सापडल्या. सात नाही सापडल्या. पुन्हा मोजायचं म्हणाल, तर ते शक्य नव्हतं, कारण प्रत्येक फेरीत थर तापतो आणि तापला की आतून बदलतो. पहिल्यांदा तापतानाचा थर दुसऱ्यांदा मिळत नाही.

मी मॅडमना सांगायला गेले तेव्हा माझं वाक्य तयार होतं: ‘एजंटने फाइली उडवल्या.’ मॅडमनी ती एक ओळ वाचली आणि विचारलं, ‘नाव आधीच वापरलेलं असेल तर काय होईल, हे यात कुठे लिहिलंय?’

कुठेच लिहिलेलं नव्हतं. एजंटने माझ्या सूचनेविरुद्ध काहीही केलं नव्हतं. त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी पन्नासेक वर्षं मागे गेले. ती गोष्ट तुम्हाला सांगते.

मीठ चवीपुरतं

आईला पाककृती विचारली की ती म्हणते, मीठ चवीपुरतं घाल, पीठ मावेल तेवढं घे, वास सुटला की गॅस बंद कर. यात चूक काहीच नाही. कारण ऐकणारी मी लहानपणापासून त्या स्वयंपाकघरात वावरले आहे. न सांगितलेलं अर्धं मला आधीच ठाऊक असतं.

सगळे दस्तऐवज थोडेफार असेच असतात. लिहिणारा वाचणाऱ्याकडून काही गोष्टी गृहीत धरतो. मग वाचणारा बदलला की काय होतं? ‘फाइल सेव्ह करणे’ या कृतीच्या माहितीपत्रकाचा इतिहास म्हणजे खरं तर याच प्रश्नाचा इतिहास आहे.

१९७१: एक पान, एक कबुली

युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ते अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये लिहिलं. आज आपण लिनक्सवर ‘मॅन’ अशी आज्ञा देऊन जी पानं वाचतो, त्यांचा साचा तिथलाच: आधी नाव, मग वापरायची पद्धत, मग वर्णन, संबंधित फाइली, ‘हेही पाहा’, चुकांचे संदेश आणि मग ‘बग्ज’ नावाचा रकाना. पहिल्या आवृत्तीत आणखी एक रकाना होता, ‘ओनर’. हे कुणी केलंय, कुणाला विचारायचं, ते त्यात असे.

‘बग्ज’ हा रकाना मला फार आवडतो. आपल्या वस्तूतले दोष आपणच, वस्तूच्याच माहितीपत्रकात, ठरलेल्या जागी लिहायचे. बेल लॅब्जमधले डग मॅकिलरॉय यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं आहे की मॅन्युअलची नवी आवृत्ती निघायची वेळ आली की सगळ्यांची धावपळ उडायची. एखादी विचित्र गोष्ट कागदावर लिहायला घेतली की वाटायचं, हे छापायचं कसं? मग वर्णन सुधारण्याऐवजी लोक प्रोग्रामच सुधारायचे, म्हणजे सांगायला सोपं जाईल. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता त्याच मॅन्युअलमधलं ‘क्रिएट’चं पान बघू. (मूळ नावात शेवटचा ‘ई’ गाळलेला आहे. युनिक्स पुन्हा करायचं झालं तर काय बदलाल, असं विचारल्यावर थॉम्प्सन यांनी तो ‘ई’ घालीन असं सांगितल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे.) या आज्ञेने नवी फाइल तयार होते. पण फाइल आधीच असेल तर? पानावर स्पष्ट लिहिलंय: ती पुन्हा लिहिण्यासाठी तयार केली जाते, म्हणजेच तिची लांबी शून्य केली जाते. आतलं सगळं जातं. विचारणा नाही, इशारा नाही.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसले. माझं साधन पायथनमध्ये लिहिलेलं होतं आणि मी फाइल ‘डब्ल्यू’ पद्धतीने उघडली होती. ती पद्धत हेच करते: फाइल नसेल तर तयार, असेल तर रिकामी. म्हणजे १९७१ चं वर्तन माझ्या साधनात जसंच्या तसं उतरलं होतं. फरक एवढाच की थॉम्प्सन आणि रिची यांनी ते लिहून ठेवलं होतं आणि मी नव्हतं ठेवलं.

‘आधीच असेल तर हात लावू नकोस’ असं सांगायची सोय पुढे हळूहळू आली. सी-शेलमध्ये ‘नोक्लॉबर’ नावाची कळ होती; ती चालू केली की असलेल्या फाइलवर चुकून लिहिलं जात नाही. १९८८ च्या पॉझिक्स मानकात ‘फाइल नसेल तरच तयार कर, असेल तर चूक कळव’ असा पर्याय आहे. सी भाषेच्या प्रमाण फाइल-उघडणीत तो २०११ च्या मानकात आला आणि पायथनमध्ये २०१२ साली, ३.३ आवृत्तीत, ‘एक्स’ पद्धत म्हणून. मी ती कधी वापरलीच नव्हती. तुम्ही वापरली आहे का?

‘झालं’ या शब्दाची किंमत

इथपर्यंत प्रश्न ‘जुन्याचं काय होतं’ हा होता. दुसरा प्रश्न त्याहून खोल आहे: साधन ‘सेव्ह झालं’ म्हणतं तेव्हा खरंच काय झालेलं असतं?

आपल्याला वाटतं, डेटा डिस्कवर गेला. बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. ‘राइट’ ही आज्ञा यशस्वी झाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने डेटा आपल्या ताब्यात घेतला, इतकंच. तो अजून मेमरीत असतो आणि सवडीने डिस्कवर उतरतो. लिनक्सच्या ‘राइट’च्या पानावर ही कबुली आहे: यश मिळालं म्हणजे डेटा डिस्कवर पोहोचल्याची हमी नाही. टपाल पेटीत टाकलं म्हणजे पत्र पोहोचलं असं नसतं, तसंच. पोहोचल्याची पावती हवी असेल तर ‘एफसिंक’ नावाची वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये आली. ‘रिनेम’ ही आज्ञाही त्याच आवृत्तीतली.

या दोन आज्ञांतून सुरक्षित सेव्हची जुनी रीत तयार झाली. मूळ फाइलला हात लावायचा नाही. शेजारी तात्पुरती फाइल लिहायची, ‘एफसिंक’ने ती डिस्कवर पक्की करायची आणि मग तिला मूळ फाइलचं नाव द्यायचं. नाव बदलणं एका झटक्यात होतं, त्यामुळे वाचणाऱ्याला एकतर पूर्ण जुनी फाइल दिसते नाहीतर पूर्ण नवी. अर्धवट काही नाही.

पण मधली ‘एफसिंक’ची पायरी अनेकजण गाळायचे. ती वेळ खाते आणि न करताही चालून जायचं, कारण लिनक्सवरची जुनी एक्स्ट-३ फाइल सिस्टिम डेटा साधारण दर पाच सेकंदांनी डिस्कवर उतरवायची. डिसेंबर २००८ मध्ये एक्स्ट-४ स्थिर म्हणून लिनक्समध्ये आली. वेग वाढावा म्हणून ती डेटासाठी डिस्कवरची जागा ठरवणंच लांबणीवर टाकते. २००९ च्या सुरुवातीला उबंटूच्या येऊ घातलेल्या आवृत्तीची चाचणी करणाऱ्यांना संगणक अचानक बंद पडल्यावर भलतंच दिसू लागलं: नुकत्याच सेव्ह केलेल्या फाइली जागेवर आहेत, पण आत शून्य बाइट.

मग वाद पेटला. एक्स्ट-४ चे प्रमुख विकासक थिओडोर त्सो यांचं म्हणणं: मानकात हमी कधीच नव्हती, हमी हवी तर ‘एफसिंक’ करा. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं म्हणणं: इतकी वर्षं चाललं ते आता का चालू नये? कागदावर त्सो बरोबर होते. तरीही शेवटी तडजोड झाली. २००९ मध्येच आलेल्या लिनक्स २.६.३० मध्ये फाइल सिस्टिम असे नेहमीचे प्रसंग स्वतः ओळखून डेटा लवकर उतरवू लागली. थोडक्यात, लोकांनी मॅन्युअल वाचून सवय लावली नव्हती. काय चालतं ते पाहून लावली होती.

ही केवळ घाई करणाऱ्यांची गोष्ट नाही. २०१४ मध्ये विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या गटाने नामांकित अकरा प्रणाली तपासल्या. त्यांत डेटाबेसही होते आणि ‘गिट’सारखी साधनंही. संगणक मध्येच बंद पडला तर डेटा बिघडू शकेल अशा साठ जागा त्यांना सापडल्या. २०१८ मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसच्या लोकांच्या लक्षात आलं की लिनक्सवर ‘एफसिंक’ एकदा फसली तर पुढची ‘एफसिंक’ यश कळवू शकते, मधला डेटा हरवलेला असला तरी. फसलं तर पुन्हा प्रयत्न करू, ही त्यांची पूर्वापार समजूत चुकीची निघाली. फेब्रुवारी २०१९ च्या सुधारणेत त्यांनी ठरवलं: ‘एफसिंक’ फसली की थांबायचं आणि आपल्या नोंदवहीतून डेटा पुन्हा उभा करायचा. ‘झालं’ या उत्तरावर विश्वास ठेवायच्या आधी विचार करायचा, हे इतक्या अनुभवी मंडळींनाही उशिरा कळलं.

वाचणारा बदलला

आता येऊ एजंटकडे. जून २०२३ मध्ये ओपनएआयने ‘फंक्शन कॉलिंग’ आणलं. साधनाचं नाव, त्याचं वर्णन आणि त्याला काय काय द्यायचं याची जेसन साच्यातली यादी, एवढं मॉडेलला दिलं की कुठलं साधन कधी वापरायचं ते मॉडेल ठरवतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने एमसीपी हा खुला करार मांडला. साधनं आणि मॉडेलं यांना जोडायची एक सामाईक पद्धत, असं म्हणा.

यात एक मोठी उलथापालथ आहे, पण ती सहज नजरेतून सुटते. १९७१ पासून माहितीपत्रक प्रोग्रामच्या *बाजूला* असायचं. तुम्ही ते वाचा किंवा वाचू नका, प्रोग्राम तसाच चालायचा. आता ते वर्णन थेट मॉडेलसमोरच्या मजकुरात जातं. मॉडेलला साधनाचा आतला कोड सहसा दिसत नाही. दिसतात नाव, वर्णन आणि वापरल्यावर परत आलेलं उत्तर. त्याच्यापुरतं वर्णन हेच साधन. मी एक शब्द बदलला तर एजंटचं वागणं बदलतं.

शिवाय माणसाकडे असणाऱ्या वाटा त्याला आपोआप नसतात. आपण फोल्डर उघडून बघतो, फाइलीचा आकार बघून भुवया उंचावतो, शेजारच्या टेबलावर विचारतो. माझ्या एजंटकडे फोल्डर बघायचं साधनच नव्हतं. ‘सेव्ह झालं’ हे माझ्या साधनाचं उत्तर त्याला एकोणीस वेळा मिळालं आणि एकोणीस वेळा त्यानं ते खरं मानलं. दुसरं काय करणार?

एमसीपीसोबत फाइलींसाठी एक नमुना-साधन प्रकाशित झालं आहे. त्यातल्या फाइल लिहायच्या साधनाचं वर्णन वाचताना मला हसू आलं. त्याचा आशय असा: नवी फाइल तयार करतं किंवा असलेली पूर्णपणे बदलतं, जपून वापरा, कारण इशारा न देता जुन्यावर लिहिलं जातं, फक्त परवानगी दिलेल्या फोल्डरांत चालतं. म्हणजे ‘क्रिएट’चंच पान, पन्नासेक वर्षांनंतर! ‘जपून’ हा शब्द तेवढा नवा.

पण ‘जपून’ म्हणजे नेमकं काय करायचं? माणसाला ते समजतं, तसं मॉडेललाही काहीसं समजत असेल. तरी हे परत ‘मीठ चवीपुरतं’च झालं. म्हणून २०२५ च्या मार्चमधल्या एमसीपी आवृत्तीत साधनावर ठरावीक खुणा लावायची सोय आली: हे फक्त वाचतं का, हे काही नष्ट करू शकतं का, तेच पुन्हा केलं तर जास्तीचा परिणाम होतो का. नष्ट करण्याबद्दल काहीच सांगितलेलं नसेल तर ते नष्ट करू शकतं असंच धरायचं, हा त्यातला नियम मला शहाणपणाचा वाटतो. आणि त्यासोबत हेही लिहिलंय की या खुणा म्हणजे नुसत्या सूचना आहेत. साधन देणारा भरवशाचा नसेल तर त्यांवर विसंबू नका. खूण लावल्याने साधन सुरक्षित होत नाही.

याच काळात दुसरा एक धडा पुढे आला. २०२४ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने ‘एसडब्ल्यूई-एजंट’ या कामात दाखवलं की साधनांची रचना मॉडेलच्या सोयीने केली तर तेच मॉडेल जास्त चांगलं काम करतं. त्यांच्या संपादकात चुकीचं व्याकरण असलेला कोड मुळात स्वीकारलाच जात नसे. अँथ्रॉपिकच्या लोकांनीही लिहिलं आहे की एजंट दुसऱ्या फोल्डरात गेला की अर्धवट पत्ते देताना चुकायचा. त्यांनी साधन बदललं: नेहमी मुळापासूनचा पूर्ण पत्ता द्यायचा. चुका थांबल्या. कारखान्यात जपानी लोक याला ‘पोका-योके’ म्हणतात, म्हणजे चूक करताच येऊ नये अशी रचना.

मी काय बदललं

आता मॅकिलरॉय यांची गोष्ट आठवा. मॅडमच्या प्रश्नानंतर मी पहिल्यांदा वर्णन लांबवलं. ‘कृपया मूळ फाइलींवर लिहू नये, काळजी घ्यावी, नाव आधी तपासावं…’ आठ ओळी झाल्या. वाचून पाहिलं तर ते माहितीपत्रक नव्हतंच, विनवणी होती. आणि ‘बग्ज’चा रकाना लिहायला घेतला तेव्हा पहिलंच वाक्य आलं: ‘हे साधन तुमचा डेटा न विचारता पुसतं.’ हे छापायचं कसं?

म्हणून साधन बदललं. आता फाइल ‘एक्स’ पद्धतीने उघडते. मूळ मोजमापांचा फोल्डर एजंटसाठी फक्त वाचण्यापुरता आहे. डेटा लिहिल्यावर ‘एफसिंक’ होते. मग साधन फाइल पुन्हा उघडून बाइट मोजतं आणि तोच आकडा उत्तरात पाठवतं. एवढं झाल्यावर वर्णन आपोआप आटोपशीर झालं. ते असं आहे:

*नाव:* नवी फाइल तयार करा.
*काय करतं:* दिलेला मजकूर नव्या फाइलमध्ये लिहितं.
*काय करत नाही:* असलेली फाइल बदलत नाही, पुसत नाही, तिच्या शेवटी जोडत नाही.
*पत्ता:* मुळापासून पूर्ण; फक्त ‘निकाल’ या फोल्डरात.
*फाइल आधीच असेल तर:* काहीही न लिहिता थांबतं आणि तसं कळवतं. वेगळं नाव द्या. कुठलं द्यावं ते ठरत नसेल तर माणसाला विचारा.
*यशाचं उत्तर:* पूर्ण पत्ता आणि पुन्हा मोजलेले बाइट. हे उत्तर आलं नाही तर सेव्ह झालं असं धरू नका.
*बग्ज:* मध्येच वीज गेली तर अर्धवट फाइल मागे राहू शकते.
*जबाबदार:* मी.

नावही बदललंय, बघा. ‘सेव्ह’ हा शब्दच काढून टाकला. तो फार मोठं आश्वासन देतो. जपून ठेवतो म्हणतो आणि करतो भलतंच.

शेवटचे दोन रकाने मी मुद्दाम १९७१ वरून घेतले. ‘बग्ज’ एजंटसाठी आहे. ‘जबाबदार’ हा रकाना त्याच्या काही उपयोगाचा नाही. तो माझ्यासाठी आहे, आणि माझ्यानंतर या टेबलावर बसणाऱ्या ज्युनिअरसाठी.

पहिल्याच रात्री एजंटने एका निकालाला आधीच वापरलेलं नाव दिलं. साधन थांबलं, त्याने तसं कळवलं, एजंटने दुसरं नाव घेतलं आणि काम पुढे गेलं. सकाळी नोंदवहीत मला ती तीन ओळींची देवाणघेवाण दिसली. कुणाच्याही लक्षात येणार नाही इतकी साधी.

ती सात मोजमापं मात्र परत आली नाहीत. प्रबंधाच्या त्या आलेखात सात बिंदूंची जागा रिकामी आहे. मॅडम म्हणाल्या, रेषा ओढून ती जोडू नकोस. आलेखाखाली कारण लिही. एका वाक्यात लिहिलंय.